‘आणखी कोणी?’ विचारणारी व्हर्ला

व्हर्ला नाइस्ट्रॉम कुणाच्याही घराचं पुढचं दार वाजवत नसे. कामावर नव्याने आलेल्या बायकांना मी तिच्याबरोबर दोन दिवस फिरायला पाठवायची, तेव्हा ती त्यांना पहिला धडा हाच द्यायची. "पुढच्या दाराशी तीनच माणसं येतात," ती म्हणायची, "विक्रेता, पाद्री आणि वाईट बातमी घेऊन आलेला शेरीफ. तुला यांतलं कोण व्हायचंय?" आमच्या पश्चिम नेब्रास्कात पुढचं दार नुसतं शोभेला असतं. निम्म्या घरांत तर त्याला आतून सोफा टेकवून ठेवलेला असतो. माणसांची ये-जा बाजूच्या दाराने, तिथेच बूट काढायचे आणि सरळ स्वयंपाकघरात शिरायचं.

मी लोकमत आजमावणाऱ्या एका संस्थेत पर्यवेक्षक होते. देशभरातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं निवडली जायची आणि त्या घरांत जाऊन दीड तास प्रश्न विचारायचे, हे आमच्या बायकांचं काम. देव मानता का, चर्चला किती वेळा जाता, माणसांवर विश्वास टाकावा की जपून राहावं, गरीब माणूस आळसाने गरीब राहतो की नशिबाने, सरकारने काय करावं आणि कशात नाक खुपसू नये. अमेरिकन माणसाला काय मोलाचं वाटतं याचे आकडे पेपरात छापून येतात ना, ते असे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, कॉफीच्या कपाशेजारी जन्माला येतात. माझ्या हाताखाली अकरा बायका होत्या. त्यांत व्हर्ला सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात चांगली. नावं-गावं मी इथे बदलली आहेत. ज्यांची ही गोष्ट, ती दोघंही आता नाहीत, पण इतकी वर्षं नियमात काढल्यावर सवय जात नाही.

नियम म्हणजे काय, तर प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. उत्तर ऐकून हसायचं नाही, भुवई उचलायची नाही, "हो ना, अगदी खरं" असं म्हणायचं नाही. समोरच्याने "म्हणजे काय?" विचारलं तर म्हणायचं, "तुम्हाला जो अर्थ वाटेल तो." हे ऐकायला सोपं वाटतं. गप्पिष्ट बायकांना दोन दिवसांत रडू फुटतं. व्हर्ला त्याआधी वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिथे तीनशे पोरांची तोंडं रोज सहन केल्यामुळे म्हणा, तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. एकदा एका गृहस्थाने तिला, स्वीडिश लोक सगळे कसे चिक्कू असतात ते वीस मिनिटं ऐकवलं. बाई आईबापांकडून अस्सल स्वीडिश. तिने सगळं टिपून घेतलं आणि म्हणाली, "पुढचा प्रश्न."

माझा स्वभाव तेव्हा फार काटेकोर होता. आकडे तपासायचे, जुळले नाहीत की फोन लावायचा. एकदा मी तिला खडसावलं होतं. शेजारच्या काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, एक म्हातारी. चर्चला किती वेळा जाता, तर म्हणाली दर रविवारी. व्हर्लाने तसं लिहिलं, आणि मग गप्पांच्या ओघात मला सांगितलं की त्या बाईच्या गाडीच्या चाकांभोवती गुडघाभर गवत उगवलं होतं आणि तिच्या गावातलं चर्च चार वर्षांपूर्वीच बंद पडलंय.

"म्हणजे ती धडधडीत खोटं बोलली, आणि तू लिहून घेतलंस?"

"खोटं नाही बोलली ती."

"मग काय बोलली?"

"आपण कशी बाई आहोत ते सांगितलं तिने. दर रविवारी चर्चला जाणाऱ्यातली. पाय साथ देत नाहीत, चर्च बंद पडलं, त्याला ती काय करणार?"

मी म्हणाले, असल्या तत्त्वज्ञानाने आकडे फुगतात. ती म्हणाली, "फुगू देत की. लोकांना कसं असावंसं वाटतं तेही कुणीतरी मोजायला हवं." आणि फोन ठेवून दिला.

अशी मासलेवाईक उत्तरं ती गोळा करून आणायची, आणि मी हसायची, ती नाही. सरकार म्हणजे नुसती उधळपट्टी, असं टेबलावर मूठ आपटून सांगणारा माणूस पुढच्याच प्रश्नांत शाळा, रस्ते, म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन, यांतल्या एकालाही हात लावू देत नसे. माणसांवर विश्वास टाकू नये असं दहांतले सहा-सात जण सांगायचे आणि त्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या अंगणात गाडीतच लटकत असायच्या. वादळाने ज्याचं घर उचलून शेजारच्या मक्यात टाकलं, त्याला विचारलं की माणूस कशाने वर येतो, कष्टाने की नशिबाने. तो मोकळ्या जोत्यावर उभा राहून म्हणाला, "कष्टाने." मी म्हणायची, काय ही माणसं! व्हर्ला म्हणायची, "त्याने दुसरं काय म्हणायचं होतं, पोरी? त्याला ते घर पुन्हा बांधायचंय."

आता ऑरिन ट्वेटबद्दल. दोन हजार सहा सालच्या वसंतात त्याचं घर आमच्या यादीत आलं. वय शहात्तर, लग्न केलेलं नाही, भाऊ होता तो वारला. चौतीस वर्षं त्याने काउंटीचं रस्ते सपाट करायचं आणि बर्फ काढायचं यंत्र चालवलं. म्हणजे त्या भागातल्या प्रत्येक घराची वाट त्याने कधी ना कधी मोकळी केलेली. आमच्याकडे गाडी चालवताना समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवतात, ओळख असो नसो. ऑरिन सगळ्यांना बोट दाखवायचा, सगळे त्याला. त्यापलीकडे कुणाचं काही बोलणं नव्हतं. आमच्या एका बाईला त्याने तीनदा परत पाठवलं. मग मी व्हर्लाला धाडलं.

ती बाजूच्या दाराने गेली. तपासणीसाठी आम्ही काही मुलाखती परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करायचो, ही त्यांतलीच होती, त्यामुळे ती मी माझ्या कानांनी ऐकली आहे. ऑरिनची उत्तरं तोडून टाकल्यासारखी. अडलेल्या माणसाला कुणी मदत करावी? "ज्याचं त्याने बघावं." तुम्हाला मदत लागली तर? "लागत नाही." माणसांवर विश्वास टाकावा की जपून राहावं? "जपून." मग तो प्रश्न आला.

"गेल्या सहा महिन्यांत," व्हर्लाने वाचलं, "तुम्हाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी तुम्ही कुणाकुणाशी बोललात? नुसती पहिली नावं सांगा."

"महत्त्वाच्या म्हणजे?"

"तुम्हाला जो अर्थ वाटेल तो."

ध्वनिमुद्रणात घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मी मोजली होती, अकरा सेकंद. या प्रश्नाला लोक बायकोचं, बहिणीचं, एखाद्या मित्राचं नाव पटकन सांगून टाकतात.

"कोणी नाही," ऑरिन म्हणाला.

"कोणीच नाही, असं लिहू?"

"लिहा की, बाई. मी काही रडायला बसलेलो नाही."

तिने शून्य टाकलं. आमचा लॅपटॉपवरचा कार्यक्रम बनवणाऱ्या शहाण्यांनी एक घोळ करून ठेवला होता. शून्य टाकलं तरी पडद्यावर पुढची ओळ यायचीच, आणि पडद्यावर आलेलं वाचायचं हा नियम. व्हर्लाने वाचलं, "आणखी कोणी?"

ऑरिन खो खो हसला. अख्ख्या दीड तासात तो तेवढा एकदाच हसला. शेवटी व्हर्लाने आभार मानले, तेव्हा म्हणाला, "झालं?"

"झालं."

"एवढेच प्रश्न?"

"एवढेच."

"कॉफी आहे अजून भांड्यात," तो म्हणाला, आणि तिथे ध्वनिमुद्रण संपतं. मुलाखत संपली की यंत्र बंद करायचं असतं, तिने केलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "जोलीन, मी त्याच्याकडे पुन्हा गेले तर चालेल? कामासाठी नाही. गुरुवारी मी दालचिनीचे रोल करते, ते एकटीला संपत नाहीत."

"नाही चालणार."

"का?"

का, ते तिला पुरतं ठाऊक होतं. याच माणसांना आम्ही दोन वर्षांनी आणि चार वर्षांनी पुन्हा तेच प्रश्न विचारणार होतो. लोकांची मतं कशी बदलतात ते बघायचं होतं. मध्येच आमच्याच बाईने जाऊन त्यांची मैत्री केली तर मोजायचं काय? मी म्हणाले, "व्हर्ला, आपण ताप मोजणारी माणसं. औषध द्यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. तिच्या ‘बरं’वर मी चोवीस वर्षांत कधी शंका घेतली नव्हती.

दोन हजार आठमध्ये दुसरी फेरी आली. ऑरिनचं घर मी डोळे मिटून तिच्या यादीत टाकलं. त्याच संध्याकाळी फोन.

"ट्वेटची केस मला नको."

"का गं? नकार देणारा माणूस आहे, तुझ्याशिवाय कुणाला बधणार नाही."

"मी ओळखते त्याला."

"ओळखणारच. तूच तर मुलाखत घेतलीस."

"तसं नाही. मी ओळखते त्याला, जोलीन."

मी खुर्चीत ताठ बसले. तिने सगळं सांगितलं, आणि नेहमीसारखं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. माझं ‘नाही’ ऐकून ती गप्प राहिली होती. तीन आठवड्यांनी मातीच्या रस्त्यावर समोरून ऑरिनची गाडी आली. त्याने बोट उचललं, तिनेही उचललं. मग त्याने गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली आणि काच खाली केली.

"बाई, एक विचारायचं होतं. त्या नावांच्या प्रश्नाला बाकीचे लोक किती नावं सांगतात?"

हे सांगायलाही आम्हाला बंदी आहे. दुसऱ्यांची उत्तरं कळली की माणूस आपलं उत्तर झाकायला लागतो. व्हर्लाला सांगताही येईना आणि त्याला तसाच सोडवेना. तीन आठवडे तो माणूस एका प्रश्नाशी एकटाच बसून होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "गुरुवारी मी रोल करते. खाता का?"

"तेव्हापासून दर गुरुवारी," ती मला म्हणाली. "तो राजमा-खिम्याची झणझणीत चिली करतो, मी रोल नेते. मग पत्त्यांचं क्रिबेज खेळतो."

"दोन वर्षं?"

"बर्फात दोन गुरुवार चुकले."

मला आधी राग आला, मग अगदी बाष्कळ प्रश्न सुचला. "तुमचं दोघांचं काही... म्हणजे..."

"पोरी, त्याचा जीव माझ्या रोलवर आहे. माझ्यावर नाही." मग ती थांबली. "तुला अहवाल लिहावा लागेल. लिही."

अहवाल लिहिला की ती जाणार, हे उघड होतं. हे काम म्हणजे तिला काय होतं ते मला माहीत होतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, दोन्ही मुलगे डेन्व्हरला. छातीवर ओळखपत्र लावून ती गाडीत बसली की काउंटीभर तिची एक पत होती: ही बाई एकाचं दुसऱ्याला सांगत नाही, ऐकलेलं बदलत नाही. ते ओळखपत्र काढून घेतलं असतं तर तिच्याकडे घर आणि टीव्ही एवढंच उरलं असतं. आणि हे मी करायचं होतं. मी म्हणाले, "त्याची मुलाखत मी स्वतः घेते. तुझ्या जाण्यामुळे उत्तर बदललं असेल, त्याने तुझं नाव घेतलं, तर अहवाल वर पाठवावाच लागेल. नाही घेतलं तर समज देऊन मिटवता येईल."

"नाव घेईल तो," ती म्हणाली. आवाजात भीती होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही होता.

मी चार तास गाडी हाकत गेले. इतकी वर्षं कार्यालयात बसल्याचा परिणाम, नेमकं पुढचं दार वाजवलं. आतून ओरडणं ऐकू आलं, "ते उघडत नाही! ब्याऐंशी सालापासून!" मी वळसा घालून बाजूला गेले.

ऑरिनने मला ओट्याजवळच्या टेबलाशी बसवलं. टेबलाच्या कडेला क्रिबेजचे गुण मोजायची, भोकं पाडलेली फळी होती, तिच्यावर लाल आणि निळ्या खुंट्या अर्ध्या डावावर थांबलेल्या. त्याच्या पाठीमागे भांडी निथळायच्या जाळीत दोन कप आणि एक चौकोनी ट्रे पालथा घातलेला. आमच्याकडे चर्चच्या जेवणांत ट्रे बदलू नयेत म्हणून बायका तळाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितात. त्या ट्रेच्या बुडावर ठळक अक्षरांत नाव होतं: नाइस्ट्रॉम. ते बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आणि त्याच्या डोक्यामागे.

मी वाचत गेले. अडलेल्याने काय करावं? "ज्याचं त्याने बघावं." विश्वास? "जपून." मग तो प्रश्न.

"गेल्या सहा महिन्यांत तुम्हाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी तुम्ही कुणाकुणाशी बोललात? नुसती पहिली नावं सांगा."

त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. या वेळी अकरा सेकंद लागले नाहीत.

"कोणी नाही."

"कोणीच नाही, असं लिहू?"

"लिहा."

मी ट्रेकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहिलं हे त्याने पाहिलं. तो मान वळवून मागे बघायला गेला नाही. मी शून्य टाकलं. तो घोळ दोन वर्षांत कुणी दुरुस्त केला नव्हता, त्यामुळे "आणखी कोणी?" हेही वाचलं. या वेळी तो हसला नाही, नुसती मान हलवली.

मुलाखत संपवून मी यंत्र मिटलं, तेव्हा तो म्हणाला, "ठेवताय ना तिला कामावर?"

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? ती म्हणाली, या वेळी दुसरी बाई येईल, नियम आहे. मी काउंटीत चौतीस वर्षं काढलीत. ओळखीच्या घराची वाट आधी मोकळी केली म्हणून एकाला घरी बसवलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत." त्याने फळीवरची एक खुंटी काढून पुन्हा त्याच भोकात घातली. "आणि तिला बोलू नका यातलं काही. ती लगेच तुमच्याकडे येऊन खरं सांगून टाकेल. बाई तसलीच आहे."

मी गाडीत येऊन बसले, पण किल्ली फिरवेना. मुलाखतीच्या शेवटी एक रकाना असतो, काही विशेष आढळलं तर लिहायला. त्यात मी ट्रेबद्दल लिहायला हवं होतं. ‘ज्याचं त्याने बघावं’ म्हणून दोन्ही वेळा ठणकावून सांगणारा माणूस, आणि त्याने दुसऱ्या कुणाची नोकरी वाचावी म्हणून आपलं एकुलतं एक नाव गिळून टाकलं होतं. त्या म्हातारीच्या चर्चबद्दल व्हर्ला काय म्हणाली होती ते मला तिथे, त्या अंगणात, खऱ्या अर्थाने समजलं. रकान्यात मी लिहिलं: ‘उत्तर देणाऱ्याने सहकार्य केलं.’ आयुष्यात पहिल्यांदा मी ‘सांगितलं तेवढंच लिहायचं’ या नियमाआड अशी लपले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पण नियमाला दुसरी बाजूही होती. व्हर्लाला फोन करून मी म्हणाले, "समज देऊन सोडतेय. तुझं काम चालू राहील."

 तिचं डोकं माझ्यापेक्षा चपळ होतं. काम चालू राहणार याचा अर्थ त्याने नाव घेतलं नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

"म्हणजे त्याने..." ती म्हणाली आणि थांबली. "नाही, विचारत नाही. तुला सांगता यायचं नाही."

"नाही यायचं."

"बरं."

ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं. कुणाचं उत्तर कुणाला सांगायचं नाही हे मीच तिला शिकवलं होतं, आणि आता मी तोंड शिवून बसले होते. तो तुझ्यासाठीच खोटं बोलला, एवढं एक वाक्य. ते सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी ओळखपत्र पाकिटात घालून माझ्या टेबलावर पाठवलं असतं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. ऑरिनने तिला दोन वर्षांत बरोबर ओळखलं होतं.

"ती केस यापुढे माझ्याकडे," मी म्हणाले. "गुरुवारचं तुझं काय ते मला सांगत जाऊ नकोस."

"गुरुवारचं बंद कर म्हणणार असशील तर ते व्हायचं नाही."

"नाही म्हणत."

"त्याच्या लेखी मी शून्य असले तर शून्य. रोल तर खातो ना." आणि तिने हसण्याचा प्रयत्न केला. मला फार वाईट वाटलं.

ती आणखी एक वर्ष कामावर होती. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पडद्यावरचे शब्द नीट दिसेनात. "एक शब्द जरी चुकीचा वाचला गेला तरी काय उपयोग?" म्हणत तिने स्वतःहून काम सोडलं. निरोपाच्या जेवणाला आम्ही सगळ्या जमलो होतो. कुणीतरी विचारलं, सत्तावीस वर्षांत सगळ्यात अवघड प्रश्न कुठला? ती म्हणाली, "नावांचा." आणि विषय बदलला.

दोन हजार दहाच्या ऑक्टोबरात तिसरी, शेवटची फेरी. मी ऑरिनला फोन करून वेळ मागितली. तो म्हणाला, "गुरुवारी, साडेतीनला." मी या वेळी बाजूच्या दाराने गेले. तो थोडा वाकला होता, हात थरथरत होते. चुलीवर चिली रटरटत होती. मुद्दामच त्या प्रश्नाची मी घाई केली नाही, त्याची पाळी आली तेव्हाच तो वाचला.

"नुसती पहिली नावं सांगा."

"ती आता तुमच्याकडे नाही ना?"

"मुलाखत चालू असताना मला काही सांगायची—"

"हो की नाही, एवढंच सांग, पोरी."

"नाही. मागच्या वर्षी निवृत्त झाली."

"मग लिही. व्हर्ला नाइस्ट्रॉम."

"पहिलं नाव पुरे आहे."

"दोन्ही लिही. या काउंटीत व्हर्ला दोन आहेत. उगाच दुसरीला वाटायचं."

मी नाव टाकत होते तेवढ्यात बाजूचं दार न वाजताच उघडलं आणि व्हर्ला ट्रे घेऊन आत आली. मला बघून ती दारातच थबकली. मुलाखत चालू असताना तिसऱ्याने थांबायचं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती मागे वळू लागली.

"थांब गं," ऑरिन म्हणाला. "हिने विचारलं, महत्त्वाचं कुणाशी बोलतोस. तुझं नाव सांगितलंय."

आम्हाला दुसऱ्याचं उत्तर सांगता येत नाही. उत्तर देणाऱ्याला स्वतःचं सांगता येतं, त्याला कुठलाच नियम नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. व्हर्लाने ट्रे ओट्यावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. तिने नळ सोडला आणि स्वच्छ हात बराच वेळ धुतले.

"आणि मागच्या वेळी?" पाठमोरीच तिने विचारलं.

"मागच्या वेळी तू नोकरीवर होतीस."

नळ वाहत राहिला.  मग तिने नळ बंद केला, हात पुसले, डोळेही त्याच पंच्याने पुसले आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"जोलीन, पडद्यावर काय आलंय?"

"‘आणखी कोणी?’"

"मग वाच ना. वाचल्याशिवाय पुढे जायचं नसतं."

मी वाचलं. माझा आवाज काही केल्या कोरा राहिला नाही. ऑरिनने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "एवढीच. लिहिलंस ना?"

मी एक लिहिला.